भाऊजींनी सहाचे तीन केले

माझे भाऊजी दात बनवतात. दातांचे डॉक्टर नव्हेत ते. डॉक्टर तोंडात मापं घेतो, साचा एका डब्यात घालून पाठवतो आणि चार दिवसांनी कवळी तयार होऊन परत येते. ती ज्या माणसाच्या हातून येते, ते माझे भाऊजी. आपल्या तोंडात कुणाचं काम आहे हे गिऱ्हाइकाला मरेपर्यंत कळत नाही, आणि भाऊजींना त्याचं कधी काही वाटलेलं नाही. तळमजल्यावर वर्कशॉप, वर दोन खोल्यांचं घर. वर्कशॉपात प्लास्टरचा पांढरा थर सगळीकडे, अगदी रेडिओच्या बटणांवरसुद्धा. टेबलावर छोटा दिवा, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, आणि कप्प्याकप्प्यांच्या पेटीत तांदळाएवढ्या फरकाने लहानमोठे दात.

हे मी त्यांच्या कौतुकासाठी लिहीत नाही. या वर्षी त्यांचा उजवा हात त्यांना सोडून चालला होता. ते मला माहीत होतं, माझ्या ताईला माहीत नव्हतं, आणि मी मूग गिळून बसले होते. चौदा आठवडे. मी स्वभावाने फटकळ आहे, शाळेत मुलं मला पाहून वर्गात पळतात. पण त्या चौदा आठवड्यांत माझ्याएवढी भित्री बाई शोधून सापडली नसती.

सुरुवात खेळापासून करायला हवी, कारण भानगड तिथूनच झाली.

दर रविवारी दुपारी तीन वाजता आम्ही चौघं वर्कशॉपमध्ये बसतो. पत्ते नाहीत, कॅरम नाही. भाऊजी गोष्ट सांगतात आणि आम्ही त्या गोष्टीतली माणसं होतो. मी भाडोत्री सैनिक, माझी भाची वैदू, आणि शेजारचे निवृत्त पोस्टमनकाका चोर. आयुष्यभर लोकांची पाकिटं इमानदारीने पोचवली, आता जरा उलटं करून बघतो, असं त्यांचं म्हणणं. भाऊजी म्हणतात, "समोर दरी आहे, पूल कुजलाय. काय करता?" काका म्हणतात, "उडी." मग वीस बाजूंचा फासा टाकायचा. भाऊजी आधीच सांगतात, "बारा किंवा जास्त पडायला हवेत." काकांना हमखास तीन पडतात.

या खेळाचे नियम भाऊजींनी स्वतः लिहिलेत. एकोणीस वर्षं लिहितायत, एका जाड रजिस्टरात, कोरीव अक्षरात. त्यात प्रत्येक पात्राला कार्डावर लिहायचे सहा गुण होते: ताकद, चपळाई, दम, अक्कल, भान आणि छाप. प्रत्येकाला तीन ते अठरामधला एक आकडा. पण गंमत अशी, की फासा टाकताना तो आकडा वापरायचाच नाही. त्यावरून एक 'फरक' काढायचा: दहा-अकराला शून्य, बारा-तेराला अधिक एक, चौदा-पंधराला अधिक दोन, आणि तो फरक फाशात मिळवायचा. म्हणजे तेरा असले काय नि बारा असले काय, पदरात एकच.

मी गणित शिकवते. आठवडाभर दीडशे वह्यांतल्या बेरजा तपासायच्या आणि रविवारी पुन्हा कोष्टक उघडून बसायचं, म्हणजे माझ्या डोक्याला ताप. मी वर्षानुवर्षं भांडत होते. "भाऊजी, फरकच वापरायचा तर फरकच लिहा ना. तो मूळचा आकडा हवाच कशाला?"

"कमी व्हायला, बाई," ते म्हणायचे. मला ते चिडवायला बाई म्हणतात. "विष चढलं, उपाशी राहिलात, म्हातारे झालात, की एकेक उतरतो. तेराचे बारा होतात. तुम्हाला फरक पडत नाही, पण झालेलं असतं. कागदावर दिसतं."

"कागदावर दिसून काय उपयोग?"

"आधी कळतं."

यावर ते जास्त बोलायचे नाहीत. का, ते मला ताईने सांगितलं होतं. भाऊजींचे वडील पाट्या रंगवायचे, दुकानांच्या, दवाखान्यांच्या. एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांच्या हातातून ब्रश सुटायला लागला. मग शर्टाची बटणं, मग चमचा, मग पाय, शेवटी जीभ. पाच वर्षं. भाऊजी तेव्हा चौदाचे. वडील दिवसात किती अक्षरं रंगवतात ते शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचे. अडतीस. छत्तीस. एकतीस. घरातल्या बाकीच्यांना एक दिवस एकदम कळलं. या पोराला वर्षभर आधीपासून माहीत होतं आणि त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी आजाराला लांबलचक नाव दिलं आणि जाताजाता म्हणाले, घराण्यात असू शकतं, नसूही शकतं.

आमच्या या मंडळाची एक रीत होती. दर जानेवारीच्या पहिल्या रविवारी गोष्ट बंद, आणि खऱ्या माणसांची कार्डं. म्हणजे आमची स्वतःची. ताकदीसाठी प्लास्टरची गोणी किती वेळा उचलता, दमासाठी श्वास किती सेकंद धरता, चपळाईसाठी दोन मिनिटांत किती सुयांत दोरा ओवता. अक्कल मी काढलेल्या कोड्यांवर, भान म्हणजे रुमालाखालच्या वीस वस्तूंपैकी किती आठवतात, आणि छाप, म्हणजे कुणाचा प्रभाव जास्त पडतो ते, चिठ्ठ्या टाकून. छापेत काका दरवर्षी शेवटचे यायचे आणि दरवर्षी चहा न घेता रुसून बसायचे. भाऊजींची चपळाई मात्र सतरा. दरवर्षी सतरा. सगळी कार्डं बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवलेली असायची, भाची दुसरीत होती तेव्हापासूनची तिचीही.

या जानेवारीत भाऊजी म्हणाले, गोणी ओलसर आहे, पुढच्या रविवारी करू. पुढच्या रविवारी काकांना सर्दी होती. मग त्यांनी विषयच काढला नाही. आणि फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मी बसते न बसते तोच म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर होतं. फार किचकट झालंय. सोपं करू या."

मला काय आनंद झाला! एकोणीस वर्षांचं भांडण मी जिंकले होते. दोन संध्याकाळी बसून मी सगळं सुटसुटीत केलं. सहाचे तीन: ताकद, चपळाई आणि दम मिळून 'शरीर', अक्कल आणि भान मिळून 'मन', आणि छाप तशीच. आकडे रद्द. फक्त फरक, तोही जुन्या गुणांची सरासरी काढून. भाऊजींनी वाचलं आणि नुसती मान हलवली. एवढा हट्टी माणूस, एका शब्दानेही अडला नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण जिंकलेल्या माणसाला काय खटकणार?

"आता ही जुनी कार्डं?" मी विचारलं.

त्यांनी तो पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. "घेऊन जा. पाठकोरी आहेत, मुलांना कच्च्या कामाला होतील."

"आपली खरी कार्डंसुद्धा?"

"सगळी."

मी ती शाळेत नेली, कापून चिठ्ठ्या केल्या आणि सहावीच्या वर्गाला अपूर्णांक सोडवायला वाटल्या. शुक्रवारी त्या केराच्या टोपलीत गेल्या. मीच टोपली पायाने दाबली, कारण ती भरून वाहत होती.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी शाळा दुपारी सुटली, मी ताईकडे गेले आणि तिने मला भाऊजींचा जेवणाचा डबा द्यायला खाली पाठवलं. वर्कशॉपचं दार उघडंच होतं. भाऊजींची पाठ माझ्याकडे होती. त्यांनी उजवं मनगट टेबलाच्या कडेवर दाबून धरलं होतं आणि डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एका दाताभोवती मिटवत होते, जसं एखाद्या झोपलेल्या मुलाच्या हातात काही ठेवावं तसं. दात मेणापर्यंत गेला आणि पडला. त्यांनी उचलला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा त्यांनी दिवा विझवला आणि तसेच बसून राहिले. टेबलाखाली सात डबे रचलेले होते. प्रत्येकावर डॉक्टरांची चिठ्ठी: दात जुळत नाहीत, पुन्हा करा.

मी जेवणाचा डबा आपटला असावा, कारण ते दचकून वळले.

"ताईला सांगू नकोस," ते म्हणाले. बाई नाही, अहो-जाहो नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला सरळ तू म्हटलं.

"डॉक्टरकडे गेलात?"

"गेलो की नाव मिळेल."

"मग मिळू दे ना! नाव नसलं म्हणजे काय आजार नसतो?"

त्यांनी वर छताकडे बोट दाखवलं. वर भाची फोनवर कुणाशी तरी बोलत होती. तिचं हसणं खाली ऐकू येत होतं. तेवीस वर्षांची, नुकतीच नोकरीला लागलेली. "मला नाव मिळालं की तिलाही मिळेल," ते म्हणाले. "मी चौदाव्या वर्षापासून त्या नावाबरोबर झोपतोय. मी एकावन्नचा झालो. तिला अजून थोडे दिवस राहू दे मोकळं."

मी शपथ घेतली. मूर्खासारखी घेतली.

घरी येऊन मी कागद काढला. ताकद चौदा, दम सोळा, चपळाई सतरा: सरासरी साडेपंधराच्या आसपास, फरक अधिक दोन. मग चपळाई बारा करून पाहिली. सरासरी चौदा, फरक अधिक दोन. सतराचे बारा झाले तरी माझ्या सुटसुटीत नियमात काहीही हललं नव्हतं. एका विषयात नापास झालेला मुलगा एकूण टक्केवारीत कसा लपतो, हे मी दरवर्षी पालकांना समजावते. इथे मीच लपायची जागा बांधून दिली होती, रंग लावून, हातात आणून.

मग ते आठवडे. मला त्यांच्या हाताशिवाय काही दिसेनासं झालं. त्यांनी नाडीचे बूट सोडून पट्टीचे घेतले. चहाचा कप दोन्ही हातांत धरायला लागले. फासा डाव्या हाताने टाकायचे आणि म्हणायचे, "डाव्याचं नशीब बरं आहे." ताई मला कौतुकाने सांगायची, "काम वाढलंय गं यांचं. आठ-आठ वाजेपर्यंत वर येत नाहीत." काम वाढलं नव्हतं, तेवढंच काम त्यांचा दुप्पट वेळ खात होतं. मी "हो का" म्हणायचे आणि विषय बदलायचे. फोनवर ताईचं नाव दिसलं की आधी वाटायचं, कळलं हिला. मग वाटायचं, कळावंच एकदाचं. शाळेच्या ग्रंथालयात बसून मी त्या लांबलचक नावाबद्दल मिळेल ते वाचलं, आणि वाचून झाल्यावर वाटलं, वाचलं नसतं तर बरं.

एका रविवारी गोष्टीत भाचीच्या वैदूला विषारी काटा टोचला. "किती उतरला माझा दम?" तिने सवयीने पेन्सिल उचलली.

"नव्या नियमात उतरत नाही," भाऊजी म्हणाले. "उतरेल तेव्हा एकदम."

"हे काही खरं नाही बुवा," काका म्हणाले. "आधी निदान हप्त्याहप्त्याने मरायचो."

भाची खो खो हसली. मीही हसले, कारण हसले नसते तर तिने माझ्याकडे पाहिलं असतं.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी भाचीनेच हट्ट धरला. "बाबा, यंदा खरी कार्डं राहिलीच. आता तर सोपं झालंय, अर्ध्या तासात होईल." भाऊजींनी टाळाटाळ केली, पण तिच्यापुढे त्यांचं कधी चाललंय? नव्या नियमात शरीरासाठी एकच चाचणी, ज्याला जी हवी ती. हेही माझंच डोकं. भाऊजींनी श्वास निवडला. अठ्ठावन्न सेकंद. काकांनी टाळ्या वाजवल्या, भाचीने कार्डावर अधिक दोन लिहिलं, आणि मी टेबलाखाली स्वतःचेच हात घट्ट धरून बसले.

तेवढ्यात भाचीला खणात जुन्या सुयांची डबी सापडली. "अय्या, या करू या ना. कार्डासाठी नाही, अशाच."

काकांनी दोन मिनिटांत चार ओवल्या आणि कॉलर ताठ केली. मग ती बसली. पहिल्या सुईत दोरा बाजूने गेला. तिने टोक ओलं केलं, पुन्हा लावला, पुन्हा बाजूने गेला. तिची बोटं थरथरत होती की नुसती घाई होती, मला आजही सांगता येणार नाही. दोन मिनिटं झाली तेव्हा एकच सुई ओवलेली होती.

"मला कधी जमलंय हे?" ती हसत म्हणाली.

भाऊजी हसले नाहीत. त्यांचा चेहरा टेबलावरच्या प्लास्टरसारखा झाला होता. "गेल्या वर्षी किती ओवल्या होत्यास?"

"कुणास ठाऊक. पाच?"

"सात होत्या," काका म्हणाले. मग म्हणाले, "का तीनच? नाही हो, पोरगी पहिल्यापासूनच ढ आहे यात."

"आठव," भाऊजी म्हणाले. "नीट आठव."

"बाबा, काय झालं तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डब्याचं काय झालं ते त्यांना माहीत होतं; त्यांनीच तर दिला होता. तरी विचारलं, "बाई, त्यातलं एखादं कार्ड? एखादं तरी राहिलं असेल कुठे?"

"नाही," मी म्हटलं. "एकही नाही."

पंधरा वर्षं त्या पोरीची बोटं दर जानेवारीला मोजली गेली होती. आज त्या बोटांची काळजी करायची की नाही, हे सांगणारी एकमेव गोष्ट माझ्या सहावीच्या मुलांनी कच्च्या बेरजा करून टाकून दिली होती. वडिलांना स्वतःचा आकडा बघायचा नव्हता आणि मावशीला बेरीज करायचा कंटाळा होता. दोघांनी मिळून तिचाही आकडा पुसला.

भाऊजी उठले आणि जिन्याखाली जाऊन उभे राहिले. "अगं," त्यांनी हाक मारली, "जरा खाली ये. आत्ता ये."

ताई ओले हात पदराला पुसत आली. काका शहाणे, चप्पल शोधायला लागले. भाऊजी म्हणाले, "बसा काका." मग त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि मूठ मिटायचा प्रयत्न केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटलं नाही. "डिसेंबरपासून," ते म्हणाले. "वडिलांचं असंच सुरू झालं होतं. मी डॉक्टरकडे गेलेलो नाही. उद्या जाऊ."

ताई रडली नाही. ती त्या हाताकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळली. कशावरून तिला कळलं कोण जाणे, माझ्या तोंडावरच लिहिलेलं असेल. "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"चौदा आठवडे."

"रोज फोन करत होते मी तुला," ताई म्हणाली. त्यापलीकडे ती त्या दुपारी माझ्याशी एक शब्दही बोलली नाही.

भाची अजून सुई हातात धरून उभी होती. एकदा तिने बापाच्या हाताकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या. पोरगी हुशार आहे. तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. "म्हणून मला विचारत होता, गेल्या वर्षी किती," ती हळूच म्हणाली.

ताईने तिला जवळ ओढायला हात पुढे केला, पण ती माझ्याकडे बघत होती. लहानपणापासून गणित अडलं की ती माझ्याकडेच यायची.

"मावशी, किती पडायला हवेत?"

माहीत नाही म्हणणं सोपं होतं. खरं तर तेच तोंडात आलं होतं. पण मी वाचलेलं होतं, आणि गप्प बसून काय होतं तेही पाहिलेलं होतं.

"आधी बाबांचं तेच आहे का ते कळू दे," मी म्हटलं. "ते निघालं, आणि घराण्यातलं निघालं, तरच. आणि मग अकरा. अकरा किंवा जास्त."

"म्हणजे अर्धं-अर्धं."

"हो."

"आणि त्यात मिळवायला? माझा काहीच फरक नाही?"

"नाही गं. शून्य."

तिने भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. हिशोब बरोबर होता.